आमारूचं जावळ

म्हाताऱ्याने दोन्ही हातांत कात्री धरून, मान तुकवून ती आईपुढे केली. आईने ती तितक्याच अदबीने घेतली, कपाळाला लावली आणि सरळ खांद्यावरच्या पिशवीत टाकून चेन ओढली. मग साडीचा घोळ सावरत ती खाली अंथरलेल्या मेंढीच्या कातड्यावर मांडी घालून बसली.

"ह्याचा मामा आल्याबिगर कात्री मिळायची न्हाई," ती म्हणाली. "सांग त्यांना."

हे 'सांग' एडगरला होतं. एडगर आमचा वाटाड्या. त्याला स्पॅनिश यायचं, डोंगरातली केचुआ भाषा यायची, इंग्रजी यायचं, आणि आठवडाभर आमच्यात राहून 'चला', 'लवकर' आणि 'पुरे' एवढं मराठीही यायला लागलं होतं. पण ह्या प्रसंगाला त्यातलं काहीच पुरण्यासारखं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सहलीच्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे निनादकडे पाहिलं. निनादने घड्याळाकडे पाहिलं.

"काकू," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "अहो, ती कात्री कापायला दिलीय. ठेवायला नाही."

"मला कळतंय ते," आई म्हणाली.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. तिची आठवण निघाली की लोक तिच्या पुरणपोळ्यांबद्दल बोलतात, कुणी तिच्या फटकळ तोंडाबद्दल. मला मात्र ती दिसते पेरू देशातल्या पाकोपाता नावाच्या गावात, डोक्याला माकडटोपी, पायांत पांढरे बूट, अंगात माझा जुना स्वेटर आणि मांडीवर चेन लावलेली पिशवी. आपलं कळसूबाई अडीच वेळा एकावर एक रचलं तर जेवढी उंची होईल तेवढ्या उंचीवरचं ते गाव. चार पावलं चाललं की छातीचा भाता होई. तिथे माझी आई गावजेवण अडवून बसली होती.

तिथे जायची हौसही तिचीच. दादा कॅनडात, मी पुण्यात एकटी, बाबा जाऊन दोन वर्षं झालेली. कुठे जायचं म्हणून विचारलं तर सासष्ट वर्षांच्या बाईने काशी म्हणावं की रामेश्वर? तिने दवाखान्यातल्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. बर्फाचा डोंगर आणि त्याच्यापुढे लांब मानेची केसाळ जनावरं. "ह्या उंटमेंढ्या मला बघायच्यात," ती म्हणाली. तिचं म्हणणं मोडायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

बारा जणांचा आमचा मराठी कंपू. मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू असा सगळा संसार बरोबर. कुस्को शहरात जुन्या राजांच्या भिंती दाखवायला नेलं. एडगर सांगत होता की दगडांच्या सांध्यात सुरीचं पातंसुद्धा शिरत नाही. आईने अंबाड्यातला आकडा काढला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक सांध्यात घालून पाहिला. "खरं बोलतोय पोरगा," असा तिने निकाल दिला. बायका रस्त्याने चालता चालता चातीवर लोकर कातत, ते बघून ती हरखली. कुणी प्यायला दिलं की तिथली माणसं पहिले चार थेंब जमिनीवर सांडत, धरणीमातेचे म्हणून. बाकीचे फोटो काढत होते, आईने आपल्या पेल्यातलेही चार थेंब सांडले. "चित्राहुतीच की ही," ती मला म्हणाली. "यांना आपलं कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आई, कदाचित आपल्याला यांनी शिकवलं असेल. तर म्हणाली, "असंल. लांबचं गोत असंल."

त्या दिवशी आम्ही बर्फाखालचं तळं बघून परत निघालो होतो. वाटेत पाकोपाता लागलं. एडगरचं आजोळ तिथलं. गावात बाजा वाजत होता, लोक रंगीत कपड्यांत, जमिनीत खड्डा करून तापलेल्या ढेकळांखाली बटाटे भाजायला घातलेले. एडगर उतरून चौकशी करून आला. "केस कापायचा सण आहे," तो म्हणाला. "मूल जन्मल्यापासून तीन-चार वर्षं केसांना कात्री लावत नाहीत. मग एक दिवस सगळ्या गोतावळ्याला बोलावून कापतात. तुम्हाला या म्हणतायत. लांबचा पाहुणा शुभ असतो."

"अगंबाई, जावळ!" आई म्हणाली आणि गाडीतून सगळ्यांच्या आधी उतरली.

मूल म्हणजे तीन वर्षांचा आमारू. गालांना थंडीने उललेली लाली, नाकाला धार, आणि डोक्यावर केसांच्या बारीक बारीक वेण्या. प्रत्येक वेणीच्या टोकाला वेगळ्या रंगाची फीत. एडगरने समजावलं, जो जी वेणी कापतो तो त्या मुलाचा नातेवाईक होतो, जन्मभरासाठी. आणि टाळूवरची लाल फितीची जाड वेणी पहिली. ती कापणारा माणूस मुलाचा दुसरा बाप. ती ह्या घराने मुलाच्या मामासाठी राखली होती.

"मामा कुठाय?" आईने लगेच विचारलं.

तोच तर घोळ होता. मामाचं नाव रेमिहियो. डोंगराच्या पलीकडे सोन्याच्या खाणीत कामाला. सकाळी पोचणार होता, आता दुपार कलायला आली. मुलाचा आजोबा फाउस्तिनो, गावातला वजनदार माणूस, हातात चांदीच्या कड्यांची काठी, तो एडगरपाशी तावातावाने बोलत होता. गेल्या वर्षी ह्याच माणसासाठी थांबलो, आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी थांबलो, आला नाही. सुनेच्या माहेरचं कुणी म्हणून तो एकटा भाऊ, आणि तोही असला. आता बटाटे गार होतायत, गाव ताटकळलंय. आणि दैवयोगाने जगाच्या दुसऱ्या टोकाहून पाहुणे आलेत. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाईने पहिली वेणी कापावी.

आमच्या कंपूने टाळ्या वाजवल्या. शिंत्रेकाकांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. शिंत्रेकाका म्हणजे निवृत्त इंजिनियर, त्यांना प्रत्येक गोष्टीचा फोटो आणि प्रत्येक गोष्टीवर मत. "वा! कुमुदवहिनी, मान तुम्हाला!" ते म्हणाले.

मीही हसत होते. आई मात्र हसत नव्हती. ती बघत होती मुलाच्या आईकडे. नेलिदा तिचं नाव. चोवीस-पंचवीसची असेल. घोळदार घागरा, डोक्याला सपाट टोपी, मुलाचा हात घट्ट धरलेला. तिच्या घरचं कार्य होतं, पण तिला कुणी काही विचारत नव्हतं. ती फक्त गावाखालच्या वळणाच्या रस्त्याकडे बघत होती.

मग म्हाताऱ्याने कात्री पुढे केली आणि आईने ती पिशवीत घातली.

"अहो वहिनी," शिंत्रेकाका म्हणाले, "ते मान देतायत तर घ्या की. कोण कुठला मामा!"

"कोन कुटला कसा?" आई उसळली. "तिचा भाऊ हाय त्यो. तुमच्या घरी तुमच्या बायकोच्या भावाला असंच म्हणता का?"

शिंत्रेकाकूंनी आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की काका कॅमेऱ्याचं झाकण परत लावायला लागले.

मी आईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं आणि एडगरने ते पुढे कसंबसं केचुआत सांगितलं. बाजा थांबला. फाउस्तिनोच्या कपाळावर आठ्या चढल्या, आणि मला वाटलं, आता आमची धिंड निघते. मी आईच्या कानाशी वाकले.

"आई, दुसऱ्याचं घर आहे, दुसऱ्याचा देश आहे. आपण कोण?"

"पाहुणी," आई म्हणाली. "पाहुणीचं ऐकतात."

फाउस्तिनोने काठी आपटून काहीतरी विचारलं. एडगर म्हणाला, "ते विचारतायत, तुमच्या देशात कसं करतात?"

"आमच्यात मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढतात," आई म्हणाली. "मामा न्हाई तर मांडी न्हाई. मांडी न्हाई तर जावळ न्हाई."

"मांडी तर माझीही आहे, म्हणतायत."

"तुमची हायच की बाबा. घर तुमचं, नातू तुमचा, तुमच्या मांडीवर त्यो रोजच बसतोय. आईकडचं मानूस ह्या एका दिवशी लागतं. त्या एका दिवशी तरी त्याची जागा ठिवा."

हे एडगरने केचुआत सांगितलं तेव्हा मागच्या बायकांतून आधी एक हसली, मग दोघी, मग सगळ्याच. एक म्हातारी तर टोपी काढून वारा घेत हसली. ती फाउस्तिनोची बायको होती हे नंतर कळलं. फाउस्तिनोने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, गालातला कोकाच्या पाल्याचा तोबरा इकडचा तिकडे केला आणि डोंगराच्या शेंड्याकडे काठी केली. सूर्य त्या शिखराआड जाईपर्यंत थांबू. मग ती वेणी तो स्वतः कापणार, मग कुणी आडवं आलं तरी चालणार नाही.

"चालंल," आई म्हणाली, जणू तिला विचारलं होतं.

मग आम्ही थांबलो. बटाटे खाऊन घेतले, वरून कसल्याशा पाल्याची हिरवी चटणी. आईने आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढून फाउस्तिनोच्या बायकोला दिली, तिने ती तळहातावर घेऊन चाटली आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी मागितली. नेलिदा हळूच येऊन आईच्या शेजारी बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. नेलिदाने आईच्या साडीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला. आईने तिच्या पाठीवरच्या शालीची वीण पाहिली. थोड्या वेळाने आमारू आईच्या मांडीवर चढला आणि पिशवीच्या चेनशी खेळायला लागला. आईने त्याचा हात अलगद बाजूला केला. नेलिदाचे डोळे रस्त्यावरून हलत नव्हते, आणि आता आईचेही तिकडेच लागले होते.

रस्त्यावर काही नव्हतं. एकदा धूळ दिसली, नेलिदा उठून उभी राहिली. मेंढ्यांचा कळप होता. ती परत बसली.

इकडे आमचा ड्रायव्हर अस्वस्थ झाला. दुपारनंतर खिंडीत धुकं उतरतं, गारा पडतात. उजेड आहे तोवर खिंड ओलांडायची, असा त्याचा नेम. तो दोनदा निनादला सांगून गेला. निनाद तीनदा मला सांगून गेला. मी आईपुढे उभी राहिले.

"आई, बास झालं. माणसं खोळंबलीत. सगळ्यांचा दिवस तू वाया घालवतेयस. आणि तो यायचाच नसेल तर? दोन वर्षं आला नाही म्हणतायत."

"येनार न्हाई ते त्यानं ठरवायचं. आपन न्हाई."

"पण तुझं काय जातंय ह्यात?"

तिने पिशवीची चेन चाचपली आणि परत रस्त्याकडे पाहिलं. आईचा आणि माझा सगळा जन्म भांडण्यात गेला, पण तिने वाद असा अर्ध्यावर सोडलेला मी फार वेळा पाहिलेला नाही. मला वाटलं, मी जिंकले.

शेवटी ड्रायव्हरने गाडी चालूच केली. सूर्य अजून शिखरावर हातभर होता, पण आम्हाला निघणं भाग होतं. आई गुडघ्यावर हात देऊन उठली. फाउस्तिनो पुढे आला आणि त्याने हात पसरला. आईने पिशवीची चेन उघडली, कात्री काढली. त्याच्या पसरलेल्या हातावरून तशीच पुढे गेली आणि नेलिदासमोर उभी राहिली. कात्री तिच्या मुठीत दिली, वरून तिची बोटं आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

"आता तू बघ बाई," ती म्हणाली. "मला जमलं न्हाई. तुला जमंल."

एडगरने ह्याचं भाषांतर केलं नाही. कुणी करायला सांगितलंही नाही. नेलिदाने कात्री शालीत बांधून शालीची गाठ छातीशी घट्ट मारली. मग सासऱ्याकडे पाहिलं, आणि ह्या वेळी मान खाली घातली नाही.

गाडीत सगळे आईवर चिडलेले. शिंत्रेकाकांनी खिडकीकडे तोंड केलं. मलाही राग होताच. रस्ता वळणावळणांचा, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला नुसती पोकळी. दोन-तीन वळणं उतरलो असू. एका वळणावर, धोंड्यावर एक माणूस बसला होता. अंगाला धुळीचा थर, शेजारी दोरीला बांधलेलं पांढरंशुभ्र उंटमेंढीचं पिल्लू, त्याच्या गळ्यात लाल गोंडा. गाडी जवळ आली तसा तो उठला. बोचकं पाठीला लावलं, पिल्लाची दोरी सोडली आणि पुढे चालायला लागला. वर गावाकडे नाही, खाली.

"गाडी थांबवा!" आई ओरडली. "थांबव रे! एडगर, पुरे! पुरे!"

एडगरला मराठीतलं 'पुरे' येत होतं, त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. गाडी पुरती थांबायच्या आत आई दाराशी होती. आणि मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्या उंचीवर गाडीच्या दोन पायऱ्या चढताना मला धाप लागायची. तिथे माझी सासष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी आई निऱ्या मुठीत धरून धावली. "ओ मामा! ओ मामा!" असं ओरडत धावली. तो माणूस दचकून वळला. तिने त्याची बाही धरली. बोलायला श्वास नव्हता. छातीवर हात ठेवून ती एवढंच म्हणू शकली, "आमारू? आमारूचा मामा?"

आमारू हे नाव ऐकलं आणि तो माणूस जागच्या जागी थिजला.

एडगर पोचला, मी पोचले. तो रेमिहियोच होता. वाटेत ट्रक मिळाला नाही, म्हणून आदल्या दिवसापासून चालत होता. पिल्लू भाच्यासाठी आणलं होतं, दमलं की खांद्यावर घेत होता. खालच्या वळणावरून त्याला गावात उभी असलेली पाहुण्यांची गाडी दिसली होती. आता तीच गाडी परत येताना दिसली, म्हणजे कार्य आटोपलं, पाहुणे निघाले.

"तो म्हणतो," एडगर सांगत होता, "आता कोणत्या तोंडाने वर जाऊ? बहिणीचा सासरा म्हणेल, तिसऱ्यांदाही असाच. पिल्लू खालच्या वाडीत देतो, कुणी वर गेलं तर नेऊन सोडेल. मी परत जातो."

"न्हाई झालं!" आई म्हणाली. ती आता रडत होती आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. "सांग त्याला, न्हाई झालं! एक केस कापला न्हाई. लाल फीत तशीच हाय. कात्री त्याच्या भनीजवळ हाय, ती रस्त्याकडं बघत उभी हाय. जा म्हनावं. पळ म्हनावं!"

एडगर सांगत होता तोवर तिला धीर नव्हता. तिने त्या माणसाला दोन्ही खांद्यांना धरून फिरवलं, गावाकडे तोंड केलं आणि पाठीवर थाप मारली, शाळेला उशीर झालेल्या पोराला मारतात तशी. रेमिहियोने टोपी काढली. टोपीत जपलेली कोकाची तीन पानं काढून, तिकडच्या मानाच्या रीतीने एकावर एक नीट ठेवून, आईच्या हातात दिली. मग पिल्लू खांद्यावर घेतलं आणि तो चढाने पळत सुटला. ड्रायव्हरने आपण होऊन भोंग्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. वरच्यांना कळावं म्हणून. गाडीतून शिंत्रेकाका ओरडत होते, "पळ! पळ रे भल्या माणसा!"

गाडी निघाली. सगळे एकदम बोलायला लागले. आई खिडकीशी बसून धापा टाकत होती. मी तिला पाणी दिलं, टोपी सारखी केली.

"पोचेल का गं तो?" मी विचारलं.

"पोचंल. ती थांबंल की आता."

मग जरा वेळाने ती आपणहून बोलायला लागली. ते बोलणं तिने माझ्याशी कधी केलं नव्हतं. हणमंतमामा आमच्या घरी येत नाही एवढंच मला माहीत होतं. का, ते विचारलं की घरात विषय बदलायचा. मामाकडून दरवर्षी भाऊबिजेला साडी यायची, टपालाने. आईची राखी जायची, टपालाने.

"तुझ्या दादाचं जावळ होतं," आई म्हणाली. "देवाच्या डोंगरावर. मी बावीस वर्षांची. हणमा यायचा होता मांडी द्यायला. ज्या ट्रकातनं येत होता त्यो घाटात बंद पडला. इकडं तुझे आजोबा म्हनाले, मुहूर्त टळतोय. शेजारच्या गणपतरावांच्या मांडीवर बसवलं आनि केलं मोकळं."

"तू काही म्हणाली नाहीस?"

"म्हनायला तोंड होतं का मला? डोईवर पदर, म्होरं सासरे, दीर, गाव. जेवनं झाली, मानसं पायऱ्या उतरायला लागली. आनि मला वरनं हणमा दिसला. हातात कापडाचं गाठोडं, घामानं निथळत पायऱ्या चढत होता. उतरनाऱ्यांनी त्याला सांगितलं, आता काय येतोस, झालं की जावळ. त्यानं गाठोडं त्यातल्या एकाच्या हातात दिलं. आनि तितनंच मागं फिरला. मला पाठ दिसत हुती त्याची. पार खालपत्तर दिसत हुती."

"हाक तरी मारायचीस."

"आली हुती तोंडात. गिळली."

गाडी वळणं घेत होती. तिच्या मुठीत ती तीन पानं अजून होती.

"आणि नंतर?" मी म्हटलं. "इतकी वर्षं? आजोबा गेले, बाबा गेले. तुला कोण अडवणार होतं?"

"म्हनलं, गेला त्यो, तर यावं त्यानं. धाकटा हाय, यील. त्यानं म्हनलं असंल, आक्कानं एका शबदानं थांबवलं न्हाई. मग काय. गाठ पडली ती कुनाच्या मयताला. त्यो गड्यांत बसायचा, मी बायांत. उठताना ईचारायचा, बरी हाईस का. मी म्हनायची, बरी हाय." बाहेर धुकं यायला लागलं होतं. "चव्वेचाळीस वर्षं मी डोंगरावरच बसले गं उजू. आज खाली उतरले तर चार पावलं हुती."

ती रडली नाही. मीच रडले.

परतीच्या प्रवासात तिने कशाचीच घाई केली नाही. उरलेली ठिकाणं पाहिली, लोकरीची टोपी विकत घेतली, शिंत्रेकाकांशी समेट केला. मुंबईला उतरलो तेव्हा पहाट होती. बाहेर पुण्याची गाडी उभी होती. आई ड्रायव्हरला म्हणाली, "पुन्यात थांबायचं न्हाई. सरळ कराड."

कराडच्या पुढे नदीकाठाला मामाचं गाव. मी त्या घरात कधी गेलेच नव्हते. आईला मात्र वळण विचारावं लागलं नाही. दारात चिंचेचं झाड, त्याखाली मामा खाटेवर बसून म्हशीसाठी दावं वळत होता. साठी ओलांडलेला, अंगात बंडी, चष्मा दोरीने बांधलेला. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. आई उतरली, माकडटोपी तशीच डोक्यावर. त्याने आधी तिला ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि हातातलं दावं खाली पडलं. तो उठून उभा राहिला, चेहरा पांढरा पडला. इतक्या वर्षांत त्याची आक्का अशी सांगावा न धाडता दारात आली, त्याचा अर्थ त्याला एकच माहीत होता.

"आक्का?" तो म्हणाला. "कोन गेलं?"

"कोन न्हाई गेलं, हणमा," आई म्हणाली. "मी आलीय."